आधी सळई, मग माती

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. बाळू,

तुझं पत्र मिळालं. ‘दिवाळीला राजीनामा देतो, मशीन ड्रॉइंगमध्ये इतकी वर्षं वाया गेली, आता फक्त चित्र आणि शिल्प’ हे त्यातलं वाक्य तुझ्या आईनं, आक्कानं, मला फोनवर आधीच रडत रडत ऐकवलं होतं. मी तिला म्हटलं, पोरगं काही चोरी करायला निघालेलं नाही. राजीनाम्याचं पुढे बोलतो. पण ‘वाया गेली’ हे मला अजिबात पटलेलं नाही, आणि पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहितोय.

मी जन्मभर उद्यमनगरात ओतकामाचे लाकडी पॅटर्न केले. पंपाची बॉडी, गिअरबॉक्स, इंजिनाचे भाग. आता निवृत्तीनंतर माती घेऊन बसतो, तर लोक म्हणतात, म्हातारपणी छंद बरा लागला. मला त्यात नवीन काही वाटत नाही. पॅटर्न करताना जे डोकं चालायचं तेच इथं चालतं. बीड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा धरायचा. वाळूतून तो निसटून यावा म्हणून उभ्या बाजूंना उतार द्यायचा. आत पोकळी हवी असेल तिथं कोअर बसवायचा. ब्राँझच्या पुतळ्यालाही हेच लागू. ब्राँझ बिडापेक्षा जास्त आकसतं, मेणाचा थर चार-पाच मिलिमीटर सगळीकडे सारखा ठेवावा लागतो, धातू कुठून शिरेल आणि हवा कुठून बाहेर पडेल याचे मार्ग आधी योजावे लागतात. कास्टिंगचं डिझाइन करणाऱ्या तुला यातलं काय नवीन आहे? कला महाविद्यालयातून पाच वर्षांनी बाहेर पडलेली पोरं ओतकामवाल्यासमोर गप्प उभी राहतात, कारण त्यांना आपल्याच पुतळ्याच्या आत काय चाललंय ते कळत नाही. तुला कळेल.

आणि तू कोल्हापूरचा. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, त्याच्यासमोरून तू शाळेत असताना कितीतरी वेळा सायकल मारली असशील. तो कॅमेरा बनवणारे बाबूराव पेंटर १८९० साली याच गावात जन्मले. आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम करणारे आणि चित्रं, मूर्तीही घडवणारे. बाबूराव कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. भाऊ आनंदराव आणि ते मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पडदा हे काम किती तांत्रिक असतं याची कल्पना कर. छोट्या कागदावरचं चित्र चौकटी आखून वीस-पंचवीस फूट कापडावर न्यायचं, मागच्या रांगेतल्या माणसालाही राजवाड्याचा खांब खरा वाटला पाहिजे, आणि सगळं गॅसबत्तीच्या उजेडात. तिथून दोघांना सिनेमाचं वेड लागलं. मशीन उघडून बघायचं, समजून घ्यायचं, मग स्वतः करायचं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा पुरा केला, आणि १९२० ला त्यांचा ‘सैरंध्री’ हा सिनेमा लोकांसमोर आला. त्यातला कीचकवध बघून लोक हादरले होते. टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती फारसं कुणी बोलत नाही. ज्या माणसानं आयुष्यातली उमेदीची वर्षं पडदे रंगवण्यात घातली, त्यानंच सिनेमात रंगवलेला पडदा टाकून खोली असलेले सेट उभे केले. पडद्याची मर्यादा त्याच्याइतकी कुणाला ठाऊक होती? कॅमेरा हलला किंवा पात्र दोन पावलं मागं गेलं की रंगवलेला खांब खोटा पडतो, हे हातानं खांब रंगवलेल्यालाच आधी कळणार. तुझ्या मशीन ड्रॉइंगचंही तसंच आहे. ते फेकून दिलंस तर त्याची मर्यादा कळायला आणखी दहा वर्षं लागतील.

कॅमेरा, कंपनी, ‘सावकारी पाश’सारखा सिनेमा, हे सगळं होऊन १९३१ मध्ये बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांच्या हाताखालची दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी त्याआधीच बाहेर पडून १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढून बसली होती. बाबूरावांनी पुढंही सिनेमे केले, पण चित्र आणि शिल्प त्यांनी कधी सोडलं नव्हतंच. शिवाजी चौकातला १९४५ चा महाराजांचा पुतळा त्यांच्या हातचा. आता तू मला सांग, या माणसानं तंत्र सोडून कला कधी धरली? तारीख काढता येते का? मला तरी काढता आलेली नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं कौतुक केलं तर तू हवेत जाशील.

तू मातीत केलेल्या आजीच्या डोक्याचे, पत्रासोबत आलेले फोटो मी भिंग लावून पाहिले. आजीचं तोंड सुबक आहे. मेलेलंही आहे. का, ते सांगतो. तू डावी बाजू केलीस आणि उजवी तिच्यावरून केलीस. कंप्युटरवर ती मिरर कमांड वापरून वापरून हाताला सवय झाली आहे. माझ्या आईच्या एका डोळ्याची पापणी खाली यायची, तोंड उजवीकडे किंचित ओढलेलं होतं, डाव्या गालाला दात पडल्याचा खड्डा होता. यातलं एकही तिथं नाही. तुला माणसाचं तोंड कसं असायला हवं ते माहीत आहे आणि तू तेच केलंस. इंजिनिअरचा हा मोठा दोष. त्याला ठाऊक असलेलं तो काढतो, समोरचं बघायचं राहून जातं. याला औषध एकच, जिवंत माणूस समोर बसवून पुष्कळ ड्रॉइंग करणं. तिकडे पुण्यात संध्याकाळी मॉडेल बसवून काम करतात अशी जागा शोध. कॅलिपर जवळ ठेव, पण शेवटी काढ. आधी डोळ्यानं अंदाज, मग माप.

दुसरा दोष कडांचा. तुझ्या हातून प्रत्येक कड धारदार येते, जणू मशिनिंग करून काढली आहे. शरीरात अशा कडा फार कमी असतात. गालाचं हाड कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो, हे बोट फिरवून सांग बघू. नाही सांगता येत. मातीत रेषा शोधू नकोस, गोळा शोध, उतार शोध, आणि दिवा एका बाजूला ठेवून सावली कुठं मऊ पडते ते बघ. चित्रकार आबालाल रहिमान जे. जे. स्कूलमधून शिकून आले आणि कोटितीर्थाच्या काठावर वर्षानुवर्षं तेच पाणी, तीच झाडं रंगवत राहिले. तळ्याच्या पाण्याला कड असते का? त्यांची चित्रं इथं आलास की मुद्दाम बघू.

उलट तुझं जे बरोबर आहे तेही लिहितो. तुझा सांगाडा पक्का आहे. आधी सळई, मग तार, तारेला लाकडी फुल्या टांगून मग माती, हा क्रम तू कुणी न सांगता पाळलास. नवी पोरं मातीच्या घाईत असतात आणि तिसऱ्या दिवशी मुंडकं मानेसकट खाली येतं. माती ओल्या फडक्यानं झाकायची सवयही तुला लागलेली दिसते.

थ्री-डी प्रिंटिंगबद्दल तू विचारलंस. लहान मॉडेल मोठं करायला ते बेलाशक वापर, मी विरोधात नाही. पण पहिलं मॉडेल हातानं कर. स्क्रीनवर वजन कळत नाही. पुतळा एका पायावर उभा असेल तर दुसऱ्या बाजूची कंबर किती खाली जाते हे हाताला कळतं, माउसला नाही.

राजीनाम्याचं. दिवाळीला देऊ नकोस. बाबूराव पडद्याच्या कमाईवर पुढच्या गोष्टी करत गेले, हे विसरू नकोस. तुझ्या पत्रात घराच्या हप्त्याचा उल्लेख नाही, आक्कानं मात्र केला. शिल्पाची कमाई नियमित येत नाही. गावोगावी पुतळे बसतात खरे, पण कमिटी असते, कमिटीत दहा माणसं आणि दहा मतं असतात. सार्वजनिक पुतळा असेल तर मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मंजुरी लागते, तिथं बदल सुचवले जातात, पैसे टप्प्याटप्प्यानं येतात, आणि ओतकामवाला आपले पैसे आधी मागतो. हे सगळं करताना घरचा किराणा कुठून येणार, ते कागदावर मांड. तुला आकडे मांडता येतात, कलावंतांपैकी फार थोड्यांना येतात. वर्षभराचा खर्च बाजूला पडला आणि तीन डोकी, जिवंत माणसावरून केलेली, मला पसंत पडली, की मी स्वतः आक्काची समजूत घालीन. तोपर्यंत कंपनीतल्या फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत जा. मोल्डरशी बोल. त्याच्याकडून वाळूबद्दल जे कळेल ते पैसे देऊनही कुठं मिळत नाही.

गणपतीच्या आधी इकडे येऊ नकोस. आमच्या कुंभार गल्लीत त्या दिवसांत कुणाला बोलायला वेळ नसतो, रंगाचा वास आणि ट्रॉल्यांची गर्दी. दसऱ्यानंतर ये. आजीचं डोकं सोबत आण, फायबरमध्ये ओतू नकोस, मातीचंच आण, गाडीत नीट बांधून. ते आपण मोडू आणि आक्काला समोर बसवून पुन्हा करू. ती आईसारखीच दिसते आता, आणि तिला तासभर गप्प बसवायचं काम तुझं.

आक्काला नमस्कार सांग. पत्राचं उत्तर हातानं लिही, टाइप करू नकोस.

तुझा,
मामा