अंथरुणापासून उंबऱ्यापर्यंत

(पक्षाघातानंतर रोग्याचा स्वतःचा वाटा)

पक्षाघाताचा झटका आला म्हणजे घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येते: “डॉक्टर काय ते करतील.” डॉक्टर आपले काम करतात, घरचे धावपळ करतात, रोग्याला मात्र कोणी काही विचारत नाही. प्रस्तुत पाठात त्याच्या वाट्याचा विचार करू.

१. शरीरात काय घडते? मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि त्या भागातील पेशी मरतात. त्या पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु एखादी हालचाल पुनःपुन्हा केल्यास मेंदूचे इतर भाग ते काम काही अंशी शिकून घेतात. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा बहुधा वेगाने होते. पुढे ती मंदावते, पण थांबतेच असे नाही. दुबळा हात न वापरल्यास मात्र तो अधिकच निकामी होतो. म्हणून मायेपोटी रोग्याचे प्रत्येक काम आपण करून टाकू नये. सदऱ्याचे बटण लावायला त्याला दहा मिनिटे लागली तरी लागू द्यावीत.

२. एक उदाहरण. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर ह्यांना १८६८ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ४५ व्या वर्षी, झटका आला व डावी बाजू लुळी पडली. थोड्याच दिवसांत त्यांनी अंथरुणावरूनच रेशमाच्या किड्यांच्या रोगाविषयी टिपण सांगून लिहवून घेतले. अधूपणा जन्मभर राहिला. तरी पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लसीचे त्यांचे काम १८८५ सालचे आहे. पूर्ण बरे होणे आणि पुन्हा कामाला लागणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिलीची वाट पाहत दुसरी अडवून ठेवू नये.

३. उमेद कशी टिकावी? “पूर्वीसारखा चालेन” हे ध्येय फार दूरचे. “ह्या आठवड्यात कोणाला तरी जवळ घेऊन उंबऱ्यापर्यंत जाईन” हे हाताशी आहे. ते रोग्याने स्वतः, व्यायाम शिकविणाऱ्याच्या सल्ल्याने, ठरवावे आणि झालेल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करावी. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

४. मन खचले तर? सुमारे तिघांपैकी एका रोग्याला खोल उदासीनता येते. ती श्रद्धेची उणीव नव्हे, आळसही नव्हे. तिच्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना अवश्य सांगावे.

भेटीस जाणाऱ्या बंधुभगिनींनी एक लक्षात ठेवावे: वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली असे नाही. प्रश्न रोग्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

चर्चेसाठी प्रश्न
१) आपल्या घरच्या रोग्याची कोणती कामे आपण विनाकारण करतो?
२) ह्या आठवड्यासाठी त्याने स्वतः काय ठरविले आहे?