आकाशातली वाट कोणाची?

ढगात शिरलेल्या वैमानिकाला शेजारचं विमान दिसत नाही. कोणी थांबायचं, कोणी आधी उतरायचं, हे जमिनीवरचे नियंत्रक रेडिओवरून सांगतात. अमेरिकेत हे काम मुख्यतः सरकार करतं. कॅनडाने मात्र १९९६ साली ही सगळी यंत्रणा दीड अब्ज कॅनेडियन डॉलरला ‘नॅव्ह कॅनडा’ या संस्थेला विकली. संस्था खाजगी, पण नफा वाटून घेणारे मालक तिला नाहीत. सेवा घेणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचं आणि त्यावरच चालायचं.

मोठ्या विमानांचं शुल्क वजन आणि अंतर पाहून ठरतं. तीन टनांपर्यंतच्या छोट्या विमानांना मुख्यतः वर्षाचं ठरावीक शुल्क असतं, आणि ते फार नसतं. चार सीटचं सेसना घेऊन रविवारी हौसेने उडणाऱ्याला ते परवडतं. मग तक्रार कशाची?

तक्रार आहे ती निर्णय कोण घेतं याची. संचालक मंडळावर विमान कंपन्या चार जण नेमतात, सरकार तीन, कामगार संघटना दोन. उद्योगांच्या खाजगी विमानांच्या संघटनेला एक जागा मिळते. हौशी वैमानिकांना स्वतःची जागा नाही.

२०२० मध्ये कोविड आला. विमानं थांबली, तसे पैसेही आटले. संस्थेने शुल्क सरासरी २९.५ टक्के वाढवलं, आणि विंडसर, रेजायनासारख्या ठिकाणी टॉवर हवाच का, याचा अभ्यास सुरू केला. टॉवर नसला की वैमानिकांनी रेडिओवर एकमेकांना सांगत, डोळ्यांत तेल घालून उतरायचं. नवशिक्याला हे सोपं नाही. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये, टॉवर बंद करणार नाही, असं संस्थेने जाहीर केलं.

अमेरिकेतही असा खाजगीकरणाचा प्रस्ताव आला होता. २०१७ च्या विधेयकात छोट्या विमानांना शुल्क माफ होतं, तरी त्यांच्या वैमानिकांनी जोरदार विरोध केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तो प्रस्ताव मागे पडला. पण सरकारकडे काम असलं की छोटे टॉवर सुरक्षित, असंही समजू नका हं! २०१३ मध्ये खर्चकपातीसाठी सरकारनेच १४९ टॉवरचे पैसे थांबवायचं ठरवलं होतं. काँग्रेसने वाट काढली म्हणून ते वाचले.

शब्दार्थ
शुल्क – सेवेसाठी द्यायचे पैसे
आटणे – कमी कमी होत जाणे
डोळ्यांत तेल घालून – अतिशय लक्षपूर्वक

बोला पाहू
१. शुल्क माफ असूनही छोट्या वैमानिकांनी विरोध का केला असेल?
२. तुम्ही मंडळाच्या जागा कशा वाटल्या असत्या?