आडनाव आपले, चिन्ह कोणाचे?

गेल्या लग्नसराईत मुलुंड पूर्वेच्या एका घरात चारशे लग्नपत्रिकांचे गठ्ठे सुटलेच नाहीत. लग्न प्रस्तुत लेखकाच्या पुतणीचे. पत्रिकेच्या माथ्यावर सोनेरी शाईत सूर्य आणि नाग होते. खाली थोरल्या बंधूंच्या नावाशेजारी अशोकस्तंभाचे सिंह होते. दोन्ही चिन्हे लेखकानेच हौसेने निवडून घाटकोपरच्या छापखान्यात दिली होती. दोन्ही चुकली. एक चूक कुळाची होती, दुसरी कायद्याची. अशी हौस सध्या घरोघरी वाढली आहे, म्हणून ही हकीगत.

सूर्य आणि नाग हे ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे चिन्ह. लेखकाचे आडनावही शिंदे. मोबाइलवर शोधले, चित्र सापडले, डौलदार दिसले आणि ते आपलेच असे मानून टाकले. फेट्यांवर लावायला त्याच नक्षीचे पन्नास पितळी बिल्लेही अंधेरीत करायला दिले. पहिली पत्रिका गेली ती गावाहून आलेल्या आत्यांच्या हातात. त्यांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "आपण कण्हेरखेडचे कधी झालो रे?"

कण्हेरखेड हे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातले गाव, ग्वाल्हेरच्या गादीचे मूळपुरुष राणोजी शिंदे यांचे. लेखकाचे गाव त्याच तालुक्यातले, पण वेगळे. त्या घराण्याशी नाते असल्याचे ना कोणी ऐकलेले, ना कागदावर. खरे तर शिंदे हे आडनाव महाराष्ट्रात अनेक जातींत आणि शेकडो गावांत आहे. जमखंडीत जन्मलेले महर्षी विठ्ठल रामजी शिंदे शिंदेच, लोकगायक प्रल्हाद शिंदेही शिंदेच. त्यांच्या मोठेपणाला ग्वाल्हेरच्या नागाची गरज पडली नाही. आडनाव एक म्हणजे कूळ एक नव्हे, आणि कूळ एक म्हणजे गादी एक नव्हे.

संस्थानिकांची आज दिसणारी, ढालीवर मांडलेली राजचिन्हे बहुतांशी कशी आली, हेही पाहण्यासारखे आहे. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' जाहीर करण्याचा दरबार भरला. त्या निमित्ताने व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी संस्थानिकांना निशाणे दिली. बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्याने घराण्यांची जुनी दैवते आणि खुणा घेऊन ती युरोपीय धाटणीत आखली होती. निशाण मिळाले ते गादीवरच्या माणसाला, त्या आडनावाच्या सगळ्यांना नव्हे. पुढे 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची सरकारी मान्यता आणि तनखे दोन्ही गेले. ते चित्र आज पत्रिकेवर छापले म्हणून पोलिस येणार नाहीत, हे खरे. पण आपण कोणाचे वंशज आहोत हे त्यातून चारशे घरांना सांगितले जाते, आणि ते खोटे असते.

ही गल्लत आपल्याकडेच होते असे नाही. स्कॉटलंडमध्ये तर कुळांच्या चिन्हांचा मोठा बाजार आहे. आडनाव सांगा, कपावर ढाल छापून मिळते. तिथला नियम मात्र स्पष्ट आहे. संपूर्ण कुलचिन्ह, म्हणजे ढाल, शिरस्त्राण, वरचा तुरा हे सगळे, एकाच व्यक्तीचे असते. ती व्यक्ती गेली की ते वारसाकडे जाते. चुलत भावाने ते आपले म्हणून मिरवायचे नसते. कुळाच्या साध्या माणसाला मुभा आहे ती प्रमुखाचा तुरा पट्टा आणि बकलाच्या वर्तुळात बसवलेला बिल्ला लावण्याची. त्या वर्तुळाचा अर्थच असा की हा प्रमुख नव्हे, त्याचा माणूस आहे. हे सगळे एडिंबरातले लॉर्ड लायन यांचे न्यायालय पाहते. त्याची नोंदवही 1672 पासून चालू आहे आणि नोंदीविना चिन्ह वापरणाऱ्यावर ते कारवाई करू शकते. डोनाल्ड ट्रम्प यांच्या ॲबर्डीनशायरमधल्या गोल्फ मैदानासाठी नोंद नसलेले चिन्ह वापरले गेले, तेव्हा त्यालाही हरकत निघाली. 2012 मध्ये नवे चिन्ह रीतसर मंजूर करून घ्यावे लागले.

याच स्कॉटलंडात आणखी एक खूण आहे, आणि ती वाचून लेखकाला घरची आठवण झाली. बहुतेक कुळांची एक वनस्पती असते. मॅकडोनाल्डांचे हेदर, ग्रँटांचे पाइन. टोपीत तिची डहाळी खोचायला कोणाची परवानगी लागत नाही, कुळातला कोणीही ती लावू शकतो.

आपले देवक दुसरे काय आहे? कोणाचे कळंब, कोणाचे पंचपल्लव, कोणाचे मोराचे पीस, कोणाचा शंख. लग्नाआधी देवक बसवतात तेव्हा मोठ्या वाड्यातल्या आणि दोन खोल्यांतल्या माणसाचा हक्क सारखाच असतो. देवकाचे झाड तोडायचे नाही, देवक जुळले तर सोयरीक करायची नाही, ही बंधनेही सगळ्यांना सारखीच. ते छापायचे चिन्ह नाही, पाळायचे आहे. लेखकाच्या घरचे देवक पंचपल्लव. आंबा, वड, पिंपळ, उंबर अशा पाच झाडांचे पाले मुलुंडमध्ये मिळवायला अर्धा दिवस फिरावे लागते, तरी ते आणले जातात. जे खरोखर आपले होते ते डोळ्यांसमोर असताना लेखक मोबाइलवर दुसऱ्याचे नाग शोधत होता.

दुसरी चूक अधिक गंभीर. थोरले बंधू सरकारी खात्यातून वर्ग एकचे अधिकारी म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या नावाला शोभा यावी म्हणून अशोकस्तंभ टाकला. छापखान्यात विचारले तर उत्तर मिळाले, "सगळेच छापतात." शेजारी कोर्टात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी पत्रिका पाहताच दादांना हळूच बाजूला घेतले.

सारनाथच्या स्तंभशीर्षावरून घेतलेले हे चिन्ह 26 जानेवारी 1950 रोजी भारताने स्वीकारले. त्याच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा स्वतंत्र कायदा आहे आणि 2007 चे नियम आहेत. सरकारशी संबंध असल्याचा समज होईल अशा रीतीने ते परवानगीविना वापरता येत नाही. धंद्यासाठी किंवा व्यवसायासाठीही नाही. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. निवृत्त अधिकारी, माजी मंत्री, माजी खासदार-आमदार, माजी न्यायाधीश यांनाही अधिकृत परवानगीविना ते वापरता येत नाही, असे नियमांत नाव घेऊन म्हटले आहे. संस्था-संघटनांना लेटरहेडवर किंवा बिल्ल्यावर त्याची बंदी आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ज्या मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या पत्रांवर सिंह दिसतात, त्यांनी हे वाचावे. पदावर असताना चिन्ह वापरण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांनीही व्हिजिटिंग कार्डावर चिन्हासोबत वकील, संपादक, चार्टर्ड अकाउंटंट असे शब्द लावायचे नसतात.

दादांना हे लागले. उभा जन्म नोकरीत गेला, एक पैसा कधी घेतला नाही, आणि आता हे चिन्हही आपले नाही? लेखकाजवळ उत्तर नव्हते. शेजाऱ्यांनी दिले. ते म्हणाले, "साहेब, ते खुर्चीचं होतं. तुम्ही खुर्ची स्वच्छ ठेवून परत दिलीत." संध्याकाळी दादांनी कपाटातली जुनी कार्डे काढून स्वतःच्या हाताने फाडली.

त्यानंतर लेखकाने आणखी दोन गोष्टी तपासल्या, त्याही सांगतो. दवाखान्याच्या पाटीवर आणि डॉक्टरांच्या गाडीवर दिसणारा लाल क्रॉस हे डॉक्टरकीचे चिन्ह नाही. युद्धातल्या जखमींच्या संरक्षणासाठी ते राखलेले आहे, आणि 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने त्याचा अनधिकृत वापर आपल्याकडे निषिद्ध आहे. दुसरे, 1950 च्या चिन्हे आणि नावे कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र आहे. धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून ते केंद्र सरकारच्या परवानगीविना वापरता येत नाही. दुकानाची पाटी रंगवण्याआधी हे माहीत असलेले बरे.

चारशे पत्रिका रद्दीत गेल्या, बिल्ले वितळवायला दिले. नव्या पत्रिकेवर गणपती आला, खाली कुलदैवताचे आणि मूळ गावाचे नाव आले, आणि दादांच्या नावापुढे 'निवृत्त' हा एकच शब्द. तुमच्या घरी कार्य निघाले असेल तर पत्रिकेचे प्रूफ छापखान्यात परत पाठवण्याआधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्या, आणि त्यांचे होईपर्यंत थांबा.