मुरलेली वस्ती : श्रीपूरच्या निमित्ताने

'उपनगर' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-पुण्याचे चित्र उभे राहते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत शहर सुधारणेसाठी विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दाटीच्या शहराबाहेर दादर-माटुंग्याची आखणी झाली आणि रुंद रस्ते, मैदाने व झाडांच्या रांगा असलेल्या वस्तीत राहणे म्हणजे काय, हे मध्यमवर्गाला प्रथमच अनुभवावयास मिळाले. ग्रामीण महाराष्ट्रालाही स्वतःची उपनगरे आहेत, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. जुन्या गावाच्या शेजारी एखाद्या उद्योगामुळे आखीव वसाहत उभी राहते, दोन-तीन पिढ्या तेथे नांदतात आणि पाहता पाहता ती वसाहत मुरते. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील, महाळुंगला लागून असलेले श्रीपूर हे असेच एक ठिकाण होय.

श्रीपूरचा जन्म पाण्यातून झाला असे म्हणावयास हरकत नाही. १९२८ साली भाटघरचे धरण पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळशिरसच्या कोरडवाहू माळांना ऊस दिसू लागला. १९३२ साली सरकारने साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण दिले व कारखानदारीला हुरूप आला. सासवडच्या माळी समाजातील बागायतदारांनी माळीनगर उभे केले, नीरेपलीकडे वालचंदनगर आकाराला आले आणि १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूर येथे उभा राहिला. पुढे सहकाराचे युग आले. आज पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे ठिकाणही श्रीपूरच आहे. मालकीचे स्वरूप पालटले, परंतु वस्ती कारखान्याच्याच आधाराने राहिली.

कारखान्याभोवतीच्या वस्तीत राहणे कसे असते, हे प्रस्तुत लेखकास पुस्तकांतून शिकावे लागले नाही. बालपण अशाच एका साखर कारखान्याच्या वसाहतीत गेले. तो कारखाना कोणता, हे येथे महत्त्वाचे नाही, कारण या वसाहतींचे दैनंदिन जीवन बव्हंशी सारखेच असते. घड्याळ घरोघर नव्हते, पण भोंगा सर्वांचा होता. पाळी बदलल्याचा भोंगा झाला की चुलीवर चहाचे आधण चढे. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होई, मग गव्हाणीची पूजा, उसाची पहिली मोळी आणि त्यानंतर चार-पाच महिने रात्र म्हणून उरत नसे. वाळत घातलेल्या धुण्यावर चिमणीतून काजळी उतरे. पांढरे कपडे हंगामात दोरीवर घालू नयेत, हा धडा नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीस शेजारीण पहिल्याच आठवड्यात देई. मळीचा वास पाहुण्यांना असह्य होई, आम्हांला तो सुटीवरून परतल्याची खूण वाटे.

घरे श्रेणीनुसार होती, हे लपविण्याचे कारण नाही. साहेबांचे बंगले, कारकुनांची जोडघरे, कामगारांच्या चाळी आणि या सर्वांच्या पलीकडे, वसाहतीच्या हद्दीत न मोजल्या जाणाऱ्या, ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या. पाण्याचे नळ, दिवाबत्ती, दवाखाना ही सुखे वरून खाली येता येता विरळ होत आणि कोप्यांपर्यंत ती पोहोचतच नसत. मुरलेल्या वस्तीचे गुणगान करताना ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तरीही शाळा एकच होती. साहेबांचा मुलगा, फिटरचा मुलगा आणि क्वचित एखाद्या हंगामापुरती बसलेली बीडकडील मुलगी एकाच सतरंजीवर पाढे म्हणत. १९२९ साली क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन अभ्यासकाने शेजारवस्तीची कल्पना मांडताना प्राथमिक शाळा मध्यभागी ठेवली व ती मुलांना चालत जाण्याच्या अंतरावर असावी असे म्हटले. आमच्या वसाहतीच्या आखणीकारांनी पेरीसाहेबांचे नावही ऐकले नसावे, पण शाळा त्यांनी नेमकी तेथेच बांधली होती.

आता 'मुरणे' म्हणजे काय, याचा विचार करू. नव्या वसाहतीत घरे असतात, रस्ते असतात. शेजार मात्र नसतो, तो सवयीतून तयार होतो. कोणाच्या घरी रात्रपाळी आहे म्हणून दुपारी त्या दारापुढे मुलांनी खेळू नये, कोणाच्या म्हातारीला नळावर पहिला हंडा द्यावा, कोणाची चावी कोणाकडे ठेवावी, हे कोणत्याही ठरावात नसते. आमच्या रांगेत एका घरी वडील अचानक वारले, तेव्हा तेराव्यापर्यंत त्या घरी चूल पेटली नाही आणि एकही वेळ जेवणावाचून गेली नाही. त्यासाठी बैठक झाली नव्हती. या भागातील वसाहतींना अशी सवय लावण्यात आषाढवारीचा वाटा मोठा असावा. तुकाराम महाराजांची पालखी अकलूजहून निघून माळीनगरच्या उभ्या रिंगणानंतर श्रीपूरवरून बोरगावकडे जाते. वर्षातून एक दिवस वाटेने जाणाऱ्या हजारो अनोळखी माणसांना पाणी व भाकरी द्यावयाची असेल, तर शेजाऱ्यांना एकमेकांची भांडी ठाऊक असावीच लागतात.

अशा वस्तीचे एक दुखणे मात्र घरांच्या किल्लीत असते. येथे घर नोकरीला बांधलेले असते. वडील निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या घरी नोटीस आली. तीन महिन्यांत क्वार्टर रिकामे करून द्यावयाचे होते. नोटीस नियमानुसार होती, तिच्यात चूक काही नव्हती. परंतु ज्या अंगणात आईने शेवगा लावला आणि वाढविला, तेथे आम्ही अठ्ठावीस वर्षे केवळ परवानगीने राहिलो, ही गोष्ट त्या कागदाने प्रथमच सांगितली. कित्येक कुटुंबे अशा वेळी मूळ गावी परततात, तेथे त्यांना कोणी ओळखत नाही. कित्येक जण भविष्यनिर्वाह निधीतून वसाहतीच्या कडेला अर्धा गुंठा जागा घेतात आणि भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर घर बांधतात. आमच्या वडिलांनीही तेच केले. कारखान्यांभोवती रस्त्यालगत ज्या घरांच्या रांगा दिसतात, त्यांतील पुष्कळशा अशा निवृत्तांच्या आहेत. पाहणाऱ्याला ते अतिक्रमणासारखे भासते, वास्तविक ती जुनीच वस्ती एका कुंपणाबाहेर सरकलेली असते.

येथूनच पंचायत सदस्य व अधिकारी यांच्याशी संबंध असलेला प्रश्न सुरू होतो. कुंपणाच्या आत पाणी, गटार व दिवे कारखाना पाहत असे. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२५ अन्वये कारखान्याला पंचायतीचे कर स्वतंत्रपणे भरण्याऐवजी ठोक रक्कम देण्याची सोय करण्यात आली. या व्यवस्थेत हिशेब सुटसुटीत होतो, पण वसाहतीतील रहिवासी आणि पंचायत यांची ओळख होत नाही. नळ गळला तर तो कारखान्याच्या कार्यालयात जातो, सरपंचाकडे नाही. कुंपणाबाहेर घर बांधल्यावर, साठाव्या वर्षी, त्याला नागरिक होण्याचा अभ्यास नव्याने करावा लागतो.

श्रीपूरच्या बाबतीत आणखी एक स्थित्यंतर घडले आहे. महाळुंग व श्रीपूर ही दोन्ही नावे जोडून तेथे आता नगरपंचायत आहे. राज्यातील इतर नगरपंचायतींबरोबर तिची निवडणूक डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली. एकीकडे यमाईचे जुने गाव, दुसरीकडे कारखान्याची आखीव वस्ती. दोहोंना एका संस्थेत आणणे प्रशासनाच्या दृष्टीने योग्यच होय. १९९३ पासून अमलात असलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामीणतेकडून नागरीपणाकडे जाणाऱ्या क्षेत्रांसाठीच नगरपंचायतीची तरतूद केली. मुख्याधिकारी येतात, विकास आराखडा होतो, नागरी योजनांचा निधी मिळतो.

जाते काय, हेही सांगितले पाहिजे. रोजगार हमीची कामे ग्रामीण क्षेत्रापुरती असल्याने मजुरांचा तो आधार सुटतो. आणि ग्रामसभा जाते. २६ जानेवारीला किंवा १ मे रोजी कोणाही मतदाराने उठून गटारीबद्दल विचारावे, ही मुभा नागरी संस्थेच्या कायद्यात त्या स्वरूपात नाही. प्रभाग समित्या राज्यघटनेने बंधनकारक केल्या आहेत त्या तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नागरी संस्थांत. लहान नगरपंचायतीत सतरा नगरसेवक हेच काय ते दार. नगरसेवकांनी आपल्या प्रभागात तीन महिन्यांतून एकदा पारावर वा शाळेच्या ओसरीवर बसावे, यास कायद्याची आडकाठी नाही, इतके नमूद करतो.

आराखड्याचे सर्वेक्षण करणाऱ्यांना नकाशावर घरे, रस्ते व मोकळ्या जागा दिसतात. वस्तीत ज्याला सर्व जण 'कट्टा' म्हणतात, तो नकाशावर बहुधा मोकळी जागाच असतो. आमच्या वसाहतीत असा एक कट्टा होता, लिंबाखाली, फरशी उखडलेला. पहिल्या पाळीहून सुटलेली माणसे तेथे वर्तमानपत्र वाचीत, निवृत्त झालेली माणसे तेच वर्तमानपत्र दुपारी पुन्हा वाचीत, आणि सायंकाळी मुलांच्या भांडणांचा निवाडा होई. पुढे तेथे दुकानगाळे आले. गाळे उपयुक्त आहेत, त्यांचे भाडेही येते. वडील मात्र अखेरपर्यंत सायंकाळी तिकडेच फिरावयास जात आणि गाळ्यांच्या पायरीवर, दुकानदाराची परवानगी विचारून, थोडा वेळ बसून येत.