प्रवाळ मिटलं की आधी मापक तपासा

न्यू जर्सीतल्या आमच्या बैठकीत साठ गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. भारतात घरी दगडी प्रवाळ पाळण्याची हौस करता येत नाही. दगडी प्रवाळाच्या सगळ्याच जाती तिथे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ते योग्यच आहे. इथे दुकानात टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे रीतसर मिळतात. तसाच आणलेला हॅमर कोरलचा तुकडा दोन वर्षांत तीन फांद्यांचा झाला होता.

मग तो मिटू लागला. आधी संध्याकाळी लवकर आकसायचा, पुढे दिवसाही फुलेना. दहाव्या दिवशी मांसाची कड खाली सरकली आणि सांगाड्याची पांढरी, धारदार पाती उघडी पडली. हे पाती दिसणं फार वाईट लक्षण. एखाद-दोन दिवस मिटून बसणं सगळीच प्रवाळं करतात, त्याला घाबरायचं कारण नसतं. पण मांस सांगाड्यावरून सुटू लागलं की वेळ कमी उरलेला असतो.

मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस करतो ते सगळं केलं. दिवे मंद केले. प्रवाहाच्या पंपाचं तोंड फिरवलं. फॉस्फेट शोषणारे दाणे घातले, अमिनो आम्लांचा डोस सुरू केला आणि तुकडा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. हे सगळं आठ दिवसांत. एका सकाळी एका फांदीवर तपकिरी, बुळबुळीत साका दिसला. नळीने तो ओढून घेतला, फांदी तोडून बाहेर काढली. तिचा कुजका वास दिवसभर बोटांना येत होता. चार दिवसांनी दुसरी फांदीही गेली.

उत्तर माझ्याच वहीत होतं. मिठाच्या डब्यावर लिहिलं होतं की खारेपणा ३५ ठेवला, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम, तर कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएम येईल. माझ्या ताज्या कालवलेल्या बादलीत कॅल्शियम ४८० आणि मॅग्नेशियम जवळपास १५०० भरत होतं. दोन्ही आकडे सारख्याच पटीत चढलेले! मी टेस्ट किटला दोष दिला. खरं तर पाणीच ४० च्या घरात खारट होतं आणि खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मात्र ३५ दाखवत होता. ३५ चं प्रमाण द्रावण आणून त्याच्या काचेवर दोन थेंब टाकले, तेव्हा रेघ ३० वर थांबली. हा मापक मी वर्षभर तपासलेला नव्हता. तो जसजसा खाली घसरला, तसतसं मी दर वेळी पाणी बदलताना मीठ थोडं जास्त घालत गेलो.

प्रवाळाला शरीरातलं मीठ आपल्यासारखं सांभाळता येत नाही. बाहेरचं पाणी जास्त खारट झालं की पेशींतलं पाणी निघून जातं आणि मांस आकसतं. अशा ताणात त्याच्या अंगातलं सूक्ष्म शैवालही बाहेर टाकलं जातं. त्याचा बराचसा रंग त्या शैवालाचा आणि रोजचं बरंचसं अन्नही त्याचंच. ते गेलं की प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. मी त्याच दिवसांत दिवेही मंद केले होते, म्हणजे उरलेल्या शैवालाचाही घास काढून घेतला.

दुरुस्ती सावकाश केली. रोज थोडं पाणी काढून तेवढंच आरओ-डीआय गाळणीचं गोडं पाणी घालायचं, खारेपणा दिवसाला अर्ध्या अंकाने उतरवायचा. दहा दिवस लागले. तिसरी फांदी वाचली.

म्हणून नव्याने टाकी लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे. रिफ्रॅक्टोमीटर महिन्यातून एकदा ३५ च्या द्रावणावर लावा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवला म्हणजे वरही बरोबर दाखवेल, असं नसतं. मग तापमान दुसऱ्या थर्मामीटरने पडताळा. २५-२६ अंश पुरे. अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएचच्या आसपास स्थिर ठेवा. आकडा थोडा कमी-जास्त चालेल, पण एका दिवसात एकापेक्षा जास्त उडी नको. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. त्या पाण्यात प्रवाळ फिकं पडतं, कारण त्यालाही थोडं खत लागतं.

आकडे बरोबर असूनही एकच प्रवाळ रुसलं असेल, तर दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा. शेजारचं गॅलेक्सिया जातीचं प्रवाळ रात्री वीतभर लांब दंशाचे दोर सोडतं, ते दिवसा दिसत नाहीत. सगळीच प्रवाळं एकदम मिटली असतील, तर पंपांची चुंबकं काढून पाहा. आवरणाला तडा जाऊन आत गंज धरला असेल तर धातू पाण्यात उतरतो. पंप बदला आणि पाणी गाळणारा सक्रिय कोळसा घाला.

एक गोष्ट जिवावरची आहे. झोअँथिड आणि पॅलिथोआ ही बटणांसारखी प्रवाळं हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच, आणि ती चिकटलेला दगड कधीही उकळू नका. त्यांच्यातल्या पॅलिटॉक्सिनच्या वाफेने घरंच्या घरं इस्पितळात गेली आहेत.

एका वेळी एकच बदल करा, तारीख टाकून लिहा आणि निदान आठवडाभर हात आवरा. आणि आज तुमच्या टाकीत काही मिटलेलं असेल, तर दिव्याला किंवा पंपाला हात लावण्याआधी मापकाच्या काचेवर ३५ च्या द्रावणाचे दोन थेंब टाका.