१.३१ चा फरक

मॅगझिनच्या कमिटीने सांगितलं, "मराठी विभागाला एक अभ्यासाचा लेख दे." माझी पंचाईतच झाली. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी आजवर रूममेटने घेतली आहे, आणि लेख ठरला त्या आठवड्यात आम्ही दोघी बोलतच नव्हतो! का, ते शेवटी सांगते. आधी विषय.

विषय आहे फिगर स्केटिंग. हसू नका. आपल्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसात असतो तेवढाच, हे मलाही ठाऊक आहे. पण २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पर्धेनंतर जगभरच्या चाहत्यांमध्ये जे भांडण पेटलं, ते प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने एकदा तरी समजून घ्यावं असं आहे. प्रश्न साधा होता. अवघड काम जेमतेम केलेला मोठा, की थोडं सोपं काम चोख केलेला?

आधी थोडं फिजिक्स

भांडणाच्या मुळाशी 'क्वाड' आहे, म्हणजे हवेत चार गिरक्या घेऊन एका पायावर, मागच्या दिशेने सरकत उतरणं. अधिकृत मान्यता मिळालेली पहिली क्वाड कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने १९८८ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मारली.

आता फर्स्ट इयरचं सूत्र आठवा. हवेत राहण्याचा वेळ t असेल तर उडीची उंची gt²/८. वेळ ०.६५ सेकंद धरला तर उंची येते साधारण अर्धा मीटर. बस्स, एवढ्यात सगळं उरकायचं! चार गिरक्यांपैकी थोडं वळण बर्फ सोडताना आणि टेकताना होतं. हवेत साडेतीन गिरक्या धरल्या तरी वेग मिनिटाला सव्वातीनशे फेऱ्यांच्या आसपास जातो. सीलिंग फॅन पाच नंबरवर साधारण असाच फिरतो. (आपल्या हॉस्टेलचे फॅन यात धरलेले नाहीत.)

वेळ १० टक्क्यांनी वाढवायचा तर उंची २१ टक्क्यांनी वाढवावी लागते, कारण वेळेचा वर्ग येतो. म्हणून नुसतं उंच उडून भागत नाही. कोनीय संवेग बर्फ सोडतानाच मिळवावा लागतो, हवेत गेल्यावर तो वाढत नाही. तिथे हात छातीशी घट्ट घेऊन मोमेंट ऑफ इनर्शिया कमी करायचा, म्हणजे वेग आपोआप वाढतो. उतरताना हात उघडायचे, वेग कमी होतो. यातलं टायमिंग जरासं चुकलं की माणूस बर्फावर आडवा. तेव्हा क्वाड मारणाऱ्याबद्दल लोकांना आदर का वाटतो ते कळलं असेल.

मार्कांचं गणित

पूर्वी या खेळात ६.० पैकी मार्क मिळत. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षणाचा मोठा घोटाळा गाजला, शेवटी दोन जोड्यांना सुवर्णपदक द्यावं लागलं. त्यानंतर २००४ पासून नवी पद्धत आली. तिच्यात प्रत्येक उडीला, प्रत्येक स्पिनला ठरलेली किंमत असते. ती किती सफाईने केली त्यावर परीक्षक त्यात भर घालतात किंवा कापतात. शिवाय स्केटिंगचं कौशल्य, सादरीकरण, संगीताची जाण अशा घटकांचे वेगळे मार्क. थोडक्यात, थिअरी, प्रॅक्टिकल आणि टर्मवर्क!

२०१० मध्ये चार गिरक्यांच्या टो लूपची किंमत होती ९.८ आणि तीन गिरक्यांच्या अ‍ॅक्सेलची ८.२. (अ‍ॅक्सेल समोर तोंड करून मारतात, त्यामुळे अर्धी गिरकी जास्त होते.) म्हणजे जिच्यासाठी हाडं मोडतात त्या क्वाडला अ‍ॅक्सेलपेक्षा फक्त १.६ जास्त. आणि तेव्हा एक नियम असा होता, की मोठ्या कार्यक्रमाच्या, म्हणजे फ्री स्केटच्या, दुसऱ्या अर्ध्या भागात, पाय थकल्यावर, उडी मारली तर तिच्या किमतीवर १० टक्के बोनस.

त्या दोन रात्री

१६ फेब्रुवारी २०१० ला छोटा कार्यक्रम झाला. रशियाचा येव्गेनी प्लुशेन्को ९०.८५, अमेरिकेचा इव्हान लायसाचेक ९०.३०, जपानचा दाइसुके ताकाहाशी ९०.२५. तिघे जवळजवळ एका रेषेत. प्लुशेन्को २००६ चा ऑलिंपिक विजेता, मधली काही वर्षं स्पर्धेतून बाहेर राहून परत आलेला. लायसाचेक २००९ चा जागतिक विजेता.

१८ तारखेला फ्री स्केट. लायसाचेकने एकही क्वाड मारली नाही, पण आठपैकी पाच उड्या दुसऱ्या अर्ध्यात ठेवल्या आणि सगळं स्वच्छ केलं. प्लुशेन्कोने सुरुवातीलाच क्वाड आणि तिला जोडून तीन गिरक्यांची उडी मारली. मात्र त्याच्या पाच उड्या पहिल्या अर्ध्यातच संपल्या, आणि काही उड्यांत तो हवेत कलल्यासारखा दिसत होता. पडला मात्र नाही.

निकाल: लायसाचेक १६७.३७, प्लुशेन्को १६५.५१. एकूण २५७.६७ विरुद्ध २५६.३६. फरक १.३१. १९८८ च्या ब्रायन बॉइटानोनंतर पुरुषांचं सुवर्ण प्रथमच अमेरिकेला मिळालं.

आणि मग जे झालं...

पदक घ्यायला जाताना प्लुशेन्को आधी पहिल्या क्रमांकाच्या पायरीवर चढला आणि मग दुसरीवर उतरला. क्वाडशिवाय पुरुषांचं स्केटिंग हे स्केटिंगच नाही, अशा अर्थाचं तो बोलला. पुतिन यांनी त्याला तार पाठवली, की तुझं रौप्य सोन्याच्या तोलाचं आहे. त्याच्या वेबसाइटवर तर त्याच्या नावापुढे व्हँकुव्हरचं 'प्लॅटिनम' पदकही झळकलं!

हे फक्त रशियाचं रडगाणं होतं असं समजू नका. दोनदा ऑलिंपिक रौप्य मिळवलेला कॅनडाचा एल्व्हिस स्टॉयको लेख लिहून प्लुशेन्कोच्या बाजूने उतरला. खेळ मागे चालला, असं त्याचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणाली, साडेचार मिनिटांच्या कार्यक्रमात एका उडीचे पोवाडे का गायचे? स्पिन, पावलं, उड्यांच्या मधली जोडणी हे स्केटिंग नाही का?

कटाचा संशयही आला. स्पर्धेआधी एका अमेरिकन परीक्षकाने प्लुशेन्कोच्या उड्यांमधल्या जोडणीबद्दल परिचितांना लिहिलेला ई-मेल बाहेर फुटला होता. 'बघा, आधीच ठरलं होतं!' असं चाहते म्हणू लागले.

प्रेक्षकही गप्प नव्हते. अमेरिकेचाच जॉनी वीअर डोक्यावर गुलाबांचा मुकुट घालून मार्कांची वाट बघत बसला होता. मार्क लागले तेव्हा स्टेडियममधून हुर्यो उठली. तो सहावा आला. ताकाहाशीने क्वाडचा प्रयत्न केला, पडला, तरी उठून कार्यक्रम असा रंगवला की ब्राँझ मिळालं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आधीचा अख्खा सीझन त्याने घालवला होता. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये आशियाला मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. त्याच्या चाहत्यांना १.३१ च्या वादाशी काय देणंघेणं? ते आनंदाने रडत होते.

मार्कशीट काय सांगते?

मी हे सगळं पंधरा वर्षांनी रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं आणि पहिल्या झटक्यात प्लुशेन्कोच्या पार्टीत गेले. माझी कारणं होती. पण एका रात्री मार्कशीट उघडून बसले आणि गप्प झाले. फ्री स्केटमध्ये सादरीकरण वगैरे घटकांचे एकूण मार्क दोघांना किती मिळाले होते? ८२.८० आणि ८२.८०. तंतोतंत सारखे! म्हणजे 'परीक्षकांनी नाचाला मार्क दिले, ताकदीला नाही' हे म्हणणं उभंच राहत नाही. फरक पडला तो तांत्रिक मार्कांत, ८४.५७ विरुद्ध ८२.७१. जिथे क्वाडवाल्याने जिंकायला हवं होतं, नेमका तिथे तो हरला. क्वाडने मिळालेली आघाडी दुसऱ्या अर्ध्यातल्या बोनसने आणि सफाईच्या मार्कांनी हळूहळू खाऊन टाकली.

मग राग कोणावर काढायचा? लायसाचेकवर नाहीच. त्याने प्रश्नपत्रिका नीट वाचून पेपर सोडवला. राग असलाच तर प्रश्नपत्रिका काढणाऱ्यावर. आणि तो राग अगदीच चुकीचा नव्हता, कारण पुढच्याच सीझनला त्या क्वाडची किंमत ९.८ वरून १०.३ झाली, आणि थोडी कमी फिरलेली उडीही पूर्वीपेक्षा जास्त मार्क घेऊ लागली. धाडसाला भाव आला.

पण चाहते खूश झाले का? छे! २०१४ मध्ये सोचीला जपानचा युझुरू हान्यू क्वाड मारत जिंकला, पण फ्री स्केटमध्ये दोनदा पडला. आता ओरड सुरू झाली, की पडणारा चॅम्पियन कसा? २०१८ ला नेथन चेनने फ्री स्केटमध्ये सहा क्वाड मारल्या, त्या भागात पहिला आला, पण छोटा कार्यक्रम बिघडल्यामुळे एकूण पाचवाच राहिला. त्या वर्षीच्या ऑलिंपिकनंतर क्वाडच्या किमती पुन्हा उतरवल्या आणि सफाईचे मार्क वाढवले. घड्याळाचा लंबक इकडून तिकडे. आणि २०२२ मध्ये बीजिंगला हान्यूने चार गिरक्यांच्या अ‍ॅक्सेलचा प्रयत्न केला, पडला, चौथा आला. तरी चाहत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या इलिया मॅलिनिनने ती उडी यशस्वी करून दाखवली. कोणीतरी पडल्याशिवाय पुढचा उभा राहत नाही, हेही खरं.

आता आमच्या रूमची गोष्ट

मिनी प्रोजेक्टच्या स्पर्धेत आमच्या ग्रुपने दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो केला होता. दीड महिना जागून! परीक्षकांसमोर तो अकरा सेकंद उभा राहिला आणि धाडकन पडला. पहिला नंबर आला टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या साध्या सर्किटला. वायरिंग नीटनेटकं, रिपोर्ट सुंदर, एकही चूक नाही. त्या ग्रुपमध्ये माझी रूममेट होती.

मेसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, "हे तर आठवीतली मुलंपण करतात." ती ताट ठेवून उठून गेली. पुढचे बारा दिवस आमच्या रूममध्ये फक्त फॅनचा आवाज.

८२.८० चा आकडा पाहिला त्या रात्री मी नोटीस बोर्डवरचा स्पर्धेचा कागद पहिल्यांदा पूर्ण वाचला. शंभरपैकी चाळीस मार्क 'चालू स्थितीत प्रात्यक्षिक' याला होते. अवघडपणाला वीस. आम्ही तो कागद वाचलाच नव्हता! वीस फारच कमी आहेत असं माझं आजही मत आहे, आणि तसा अर्ज मी डिपार्टमेंटला दिला आहे. पण त्या मताचा आणि पाण्याच्या टाकीचा काही संबंध नाही.

रूममेटला उठवलं आणि लॅपटॉपवर दोघांचे फ्री स्केट दाखवले. तिने दोन्ही न बोलता पाहिले. मग म्हणाली, "लायसाचेक चांगला आहे गं. पण तुझा तो रशियन... बघताना पोटात गोळा येतो." थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचा रोबो उभा होता ना, तेव्हापण आला होता." मी सॉरी म्हणाले. कोणत्या भाषेत म्हणाले ते आठवत नाही. तेवढ्यात रेक्टर मॅडमनी दार वाजवलं, "साडेबारा वाजले, लाइट बंद करा गं!"

मित्रांनो, लेखाचं तात्पर्य लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मार्क कशाला आहेत ते आधी वाचा. नियम पटला नाही तर नियमाशी भांडा, जिंकलेल्याशी नको. आणि कुणाचा रोबो अकरा सेकंद उभा राहिला, तर ते अकरा सेकंद मोजायला विसरू नका.

(ऱ्हस्व-दीर्घ : रूममेटने तपासले आहेत.)