लिहायचा वार मोडू नकोस

चिपळूण

चि. मुक्ता,


तुझं पत्र पोचलं. दर आठवड्याला आपल्या जगण्यातलं काहीतरी लिहायचं तू मनावर घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. इथल्या साप्ताहिकातलं सदर मी इतकी वर्षं कसं निभावलं, असं तू विचारतेस. सुचेल तसं लिहिते. त्यातलं पटेल ते घे.

आधी वार ठरव आणि तो मोडू नकोस. माझा बुधवार असायचा. रात्री स्वयंपाकघर आवरलं की बसायचं, कारण गुरुवारी सकाळी मजकूर न्यायला मुलगा दारात उभा राही. सुचेल तेव्हा लिहीन असं म्हणणाऱ्यांचं लिहिणं हळूहळू सुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लोकहितवादींची शतपत्रं तुला अभ्यासाला होती. १८४८ ते १८५० या काळात ती भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात येत गेली. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीतले, सरकारी नोकरीतले. ती नोकरी सांभाळून त्यांनी शंभरावर पत्रं लिहिली. तुझं वय तेच आहे आणि नोकरी तुलाही आहे, म्हणून मुद्दाम आठवण करून देते.

काही आठवडे अगदी कोरडे जातात. तेव्हा घरात विषय शोधत बसू नकोस, बाहेर पड. एकदा मे अखेरीस काही म्हणता काही सुचेना, तेव्हा मी आगोटीच्या बाजारात जाऊन नुसती उभी राहिले. सुके बोंबील विकणारी एक बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला एक बोंबील मोडून दाखवत होती. कट्‌कन मोडला तर नीट वाळलेला. नुसताच वाकला तर ओल राहिलीय, पावसाळ्यात बुरशी धरणार. शेजारची बाई कांद्याची माळ उचलून वास घेत होती. चार महिन्यांची बेगमी अशी हाताने, नाकाने पारखून घरात येते. त्या आठवड्याचा लेख तिथेच मिळाला. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) जवळ ठेव. एकेक महिना किती निगुतीने पाहता येतो, ते त्यातून कळतं.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली, ते तुला आठवतंय. पाणी ओसरल्यावर जो तो एकाच वादात होता: दोष मुसळधार पावसाचा, नदीत साचलेल्या गाळाचा, की कोयनेच्या वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या अवजलाचा? माझंही मत होतं आणि ते मांडायला हात शिवशिवत होते. पण त्या बुधवारी मी आमच्या आळीतल्या दोऱ्यांबद्दल लिहिलं. घराघरांत दोऱ्या बांधून लोकांनी कागद वाळत घातले होते. रेशनकार्ड, सातबारा, दहावीची मार्कलिस्ट, लग्नाचे फोटो, सगळं कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेलं. फोटो एकमेकांना चिकटलेले. सोडवायला गेलं की एकाचा चेहरा दुसऱ्यावर उतरायचा. एका आजोबांनी वीजबिलांच्या पावत्यासुद्धा इस्त्रीने वाळवून तारखेवार लावल्या.

कारणमीमांसेचे त्या दिवसांतले लेख आज कुणी काढून वाचत नाही. त्यांची गरज होती आणि जाणकारांनी ते लिहिलेही. पण दोऱ्यांवरचा तो लेख लोकांनी कापून ठेवला आणि अजूनही बाजारात भेटल्यावर कुणीतरी त्याचा विषय काढतं. मतं बदलतात, तुझीही बदलतील. तू जे पाहिलंस ते मात्र तसंच राहतं, आणि तुझ्या जागेवरून ते फक्त तूच पाहिलेलं असतंस.

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ वाच म्हणून मी तुझ्या मागे लागते ती याचसाठी. वरसईचा एक गरीब भिक्षुक दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा तो आत शहरात होता. कुठे काय खायला मिळालं, पाण्यावाचून कसे हाल झाले, कुठे लुटला गेला, गंगेची कावड घरापर्यंत कशी आणली, हे सगळं त्याने पुढे बऱ्याच वर्षांनी लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं. त्या धामधुमीत मराठी माणसाच्या नजरेला काय दिसलं ते जाणून घ्यायचं, तर आज अभ्यासकही त्याच्याच पुस्तकाकडे वळतात. आपण इतिहास लिहितोय असा आव त्यात कुठेही नाही.

घरातल्या माणसांवर लिहिशील तेव्हा जपून. स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की आई, भाऊ, मैत्रिणी त्यात येणारच, आणि त्यांनी काही तुला ते लिही म्हणून सांगितलेलं नसतं. तुझ्या आजीच्या आजारपणावर मी लिहिलं ते आधी तिला वाचून दाखवलं. तिने दोन वाक्यं काढायला लावली. मी काढली. कोणती ते तुलाही सांगणार नाही. म्हणून सगळं गुळमुळीत लिहावं असं मात्र मुळीच नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांचं टोकाचं सोवळं लिहिलं, नवऱ्याचा विक्षिप्तपणा लिहिला, त्याच्या धर्मांतरानंतरची आपली होरपळ लिहिली. पण कुणाचा सूड म्हणून एक ओळ नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईने हे केलंय. रागाच्या भरात लिहिलेलं असेल तर आठवडाभर बाजूला ठेव, मग पुन्हा वाच.

लोक वाहवा करतील. ती गोड लागते आणि हवीही असते. पण पुरावरच्या लेखानंतर मला जो तो म्हणू लागला, “तसंच डोळ्यांत पाणी आणणारं लिहा.” मी पुढच्या आठवड्यात फणसाच्या आठळ्यांवर लिहिलं. एकदा आवडलेलं पुन्हा पुन्हा करत राहिलीस तर वाचणाऱ्यांना लवकर कंटाळा येईल, आणि तुला त्यांच्याही आधी.

आणि लिहिलेलं जपून ठेव. पुरात माझ्या वह्या भिजल्या. शाईपेनाने लिहिलेली पानं पार धुऊन निघाली, बॉलपेनाची अक्षरं वाचता आली. आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही किती पुस्तकं भिजली, तू आलीस तेव्हा पाहिलंसच. कॉम्प्युटरवर आहे म्हणून निश्चिंत राहू नकोस. सदराचे सुरुवातीचे लेख डीटीपीवाल्याने त्या वेळच्या फॉन्टमध्ये टाइप केले होते. त्या फायली आज उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात, कारण फॉन्ट नसला की मजकूरही नाही. तू पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिही, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेव, एक छापून ठेव, आणि प्रत्येक लेखावर तारीख टाक.

गणपतीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. पुरातून वाचलेल्या वह्या माळ्यावर आहेत. अक्षर लागत नाही तिथे मी वाचून सांगेन, तू टाइप कर. पहिला लेख झाला की छापून पोस्टाने पाठव, मोबाइलवर मला फार वेळ वाचवत नाही. समासात जागा सोड, म्हणजे मला पेन्सिलने खुणा करता येतील.

तुझी,
आत्या